घरच्या माणसाचा आकडा

दारावर बसवलेल्या माणसाला हळूहळू प्रत्येक पाऊल चोराचं वाटू लागतं. आमचा हा माणूस नकाशे काढणाऱ्या एका कचेरीतल्या लिनक्सवर चालणाऱ्या साऱ्या संगणकांच्या दारावर बसलेला. कोणती फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची, कोण कोणत्या गटात, हे तोच ठरवी. त्याची सख्खी भाची खालच्या मजल्यावर कामाला लागली, तेव्हापासून सगळी कचेरी त्याला मामा म्हणू लागली.

"मामा, तुम्ही सावलीलाही पासवर्ड विचाराल," भाची म्हणे.

"विचारीन. सावली काय कमी लबाड असते?"

एका सकाळी, दोन्ही मजल्यांच्या सामायिक साठ्यात असलेल्या, पण मोजक्याच लोकांना उघडणाऱ्या साहेबांच्या फोल्डरातल्या नकाशात जिन्याची भिंत सरकलेली निघाली. मामाने खालच्या यंत्रावर पाहिलं. फाइल शेवटची जतन करणारी म्हणून भाचीचं नाव.

 त्याने तिला विचारलं नाही. जेवताना तिच्या हातांकडे पाहत राहिला. ती फोनवर हळू बोलली, तेही खटकलं. शेवटी तिचं खातं बंद करून त्याने साहेबांच्या कानावर घातलं.

"आज खात्री करा," साहेब म्हणाले. "खरं असेल तर उद्यापासून ती नको."

तो वरच्या मजल्यावर गेला. तिथली यंत्रं जुनी, वेगळ्याच वाणाच्या लिनक्सची. तिथे त्याच फाइलवर नाव होतं म्हाताऱ्या आरेखकाचं.

"जिना अरुंद होत होता, मीच सरकवली," आरेखक म्हणाला. "सांगायचं राहिलं बघा."

मामाने दोन्ही यंत्रांवरचे खात्यांचे आकडे ताडून पाहिले. यंत्राला नाव कळत नाही, आकडा कळतो. त्या आकड्याला प्रत्येक मजला आपल्याकडचं नाव लावतो. म्हणून तो दर माणसाला दोन्ही मजल्यांवर दुसऱ्या कुणाचा नसलेला आकडा स्वतःच्या हाताने देई. भाचीच्या वेळी मात्र, घरचंच तर माणूस, म्हणून घाईत खालच्या यंत्रालाच निवडू दिलं. आरेखकाचं खातं खाली नव्हतंच, म्हणून त्या यंत्राने नेमका त्याचाच आकडा रिकामा समजून उचलला.

साहेबांपुढे चूक कबूल करून तो खाली आला. भाचीला नवा आकडा दिला, खातं उघडलं.

"नोकरी शाबूत आहे गं तुझी."

"ती जाणार होती हे लोकांच्या तोंडून कळलं, मामा. एकदा विचारायचं तरी!"

"चुकलंच माझं."

"माझ्या फोल्डरवरची तुमची परवानगी काढा."

मामा घुटमळला. "काढतो. पण सगळ्या यंत्रांची मुख्य चावी माझ्याकडेच. मला दिसायचं ते दिसणारच."

"तेच तर," ती म्हणाली, आणि तिने स्क्रीन त्याच्यापासून वळवून घेतला.