दुसऱ्या चिमणीचा अर्ज

मी अर्जनवीस आहे. धाराशिवच्या कोर्टाच्या फाटकाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये आमची टेबलं ओळीनं मांडलेली आहेत. त्यातलं लिंबाकडचं टेबल आधी अब्बांचं होतं, आता माझं. त्यांच्याकडं टाइपरायटर होता, माझ्याकडं कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहे, एवढाच फरक. माणूस येतो, स्टुलावर बसतो, आपलं गाऱ्हाणं उलटंसुलटं सांगतो, आणि त्यातून साहेब शेवटपर्यंत वाचेल असा एका पानाचा अर्ज आम्ही काढून देतो.

अब्बांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, साहेबाला देता येईल तेवढंच मागायचं. मोठं मागितलं की अर्ज वरच्या कचेरीत जातो आणि तिथंच म्हातारा होतो. दुसरी, सही घेण्याआधी अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायचा, मग समोरचा वकील असो की अंगठेबहाद्दर. पहिल्या शिकवणीवर मी आयुष्यभर पोट भरलं. दुसरी एकदाच मोडली, आणि तीही सख्ख्या बहिणीच्या अर्जात.

आपा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न होऊन विदर्भात गेली. तिचे नवरे, आमचे दूल्हाभाई, तिकडच्या कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात फिटर होते. निवृत्त झाल्यावर केंद्राच्या भिंतीलगतच्या गावात त्यांनी दोन खोल्या बांधल्या. दर मे महिन्यात आपा एक पिशवी घेऊन धाराशिवला यायची. आमचा उन्हाळा म्हणजे काही थंड हवेचं ठिकाण नव्हे, पण आल्या आल्या ती आपली पांढरी ओढणी धुऊन गच्चीवर वाळत टाकायची आणि संध्याकाळी हातात घेऊन सगळ्यांना दाखवायची, की बघा, पांढरीच राहिली. तिच्या गावात दोरीवरचं कापड दुपारपर्यंत राखाडी होतं. आम्ही तिची थट्टा करायचो, की ओढणी वाळवायला एवढा प्रवास करणारी तू एकटीच. ती हसायची आणि हसता हसता तिला खोकला यायचा.

तीन वर्षांपूर्वी ती आली ती घरी न जाता थेट माझ्या टेबलापाशी. स्टुलावर बसली आणि मराठीत बोलायला लागली. आमच्या घरात दखनी चालते, आपाशी मी जन्मात कधी मराठीत बोललो नव्हतो. मला हसू आलं. ती म्हणाली, अर्ज मराठीत व्हायचा आहे, तर मराठीतच सांगते.

तिनं सांगितलं ते असं. एका संस्थेची मुलगी गावात आली होती. तिनं बायकांना समजावलं, की या केंद्राला पैसे दिलेत ते परदेशातल्या एका बँकेनं. आपल्या नाक्यावरच्यासारखी बँक नव्हे, विकास बँक. गरीब देशांना वर काढायला निघालेली. आता केंद्राच्या धूर सोडणाऱ्या पहिल्या चिमणीशेजारी दुसरी उभी राहणार आहे आणि तिच्यासाठीही हीच बँक कर्ज देणार आहे. मात्र बँकेनं गावकऱ्यांसाठी तक्रारीची एक खिडकी ठेवली आहे. कुठल्याही भाषेत लिहा, चालतं. आणि तक्रार जोवर उघडी आहे, तोवर नव्या चिमणीच्या कर्जावर शिक्का बसत नाही. आपानं तीस बायका आपल्या ओसरीवर जमवल्या आणि सांगून टाकलं, की माझा भाऊ कोर्टाचा अर्जनवीस आहे, तो लिहील. कोऱ्या कागदांवर बाकी सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे ती आधीच घेऊन आली होती.

"राखंचं लिव, खोकल्याचं लिव," आपा म्हणाली. "पन शेवटी एक लिव. दुसरी चिमणी नको. बाकीचं न्हाय मिळालं तरी चालंल."

मी टाइप करायला घेतलं. राख आली, खोकला आला, विहिरीच्या पाण्यावरची राखेची साय आली. शेवटच्या वाक्यापाशी माझे हात थांबले. तीस बायकांच्या सांगण्यावरून वीजकेंद्र थांबवणारा साहेब मी कधी पाहिला नव्हता. हे वाक्य घातलं की अर्ज फेकला जाणार, आणि त्याच्याबरोबर पाणी, ताडपत्री, डॉक्टर सगळंच जाणार, असा माझा हिशेब. म्हणून मी तीनच मागण्या लिहिल्या. राखेच्या ढिगावर पाणी मारावं, कोळशाचे ट्रक झाकून न्यावेत, महिन्याला एकदा डॉक्टर यावा. खाली 'ही नम्र विनंती' टाकलं आणि प्रिंट काढली.

मग वाचून दाखवायला लागलो. आपा उर्दू चौथी शिकली. मराठी बोलते फडाफडा, पण अक्षर येत नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत बसली होती. तिसरी मागणी संपली तरी बघतच होती. वाद नको म्हणून, बहिणीचं मन राखायला म्हणून, कशासाठी कोण जाणे, पण जिथं कागद कोरा होता तिथून मी वाचलं, "आणि दुसरी चिमणी उभी करू नये."

तिनं तेवढं पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं. मग तिनं उजवीकडून डावीकडं, सावकाश, उर्दूत सही केली.

अर्ज ईमेलनं गेला. मराठी नीट लिहिणारा माणूस म्हणून संपर्कासाठी पत्ता माझाच दिला होता. महिनाभरात उत्तर आलं. धाराशिवच्या कुठल्या कचेरीनं मला आजवर इतक्या अदबीनं लिहिलेलं नाही. मग गावात दोन माणसं पाहणी करून गेली. ढिगावर टँकरनं पाणी पडायला लागलं, ट्रकवर ताडपत्र्या आल्या, डॉक्टरची गाडी दोनदा येऊन गेली. नंतर माझ्याकडं एक फॉर्म आला. मागण्या पूर्ण झाल्या का? हो किंवा नाही.

मी आपाला फोन करून एकेक विचारलं. पाणी? मारतेत. ट्रक? झाकतेत. डॉक्टर? आला होता. मग तिनं विचारलं, चिमणीचं काय म्हणाले? मी सांगितलं, ते वर विचारात आहे. आणि 'हो'वर खूण करून फॉर्म पाठवून दिला. चार महिन्यांत पूर्ण निकाली निघालेला अर्ज मी उभ्या धंद्यात पाहिला नव्हता. शेजारच्या टेबलवाल्यांना मी चहा पाजला. त्या चहाची मला आजही लाज वाटते.

काही आठवड्यांनी संस्थेच्या त्या मुलीचा फोन आला. एकही तक्रार शिल्लक नसल्यामुळं दुसऱ्या चिमणीचं कर्ज मंजूर झालं होतं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "काका, तो अर्ज अडून राहायला पाहिजे होता. तुम्ही निकाली कशाला काढला?"

अडलेला अर्ज म्हणजे हरलेला अर्ज, एवढंच मला ठाऊक. अडून राहण्यासाठी कुणी अर्ज करतं, हे आमच्या ओळीतल्या एकाही टेबलाला माहीत नसावं. आपानं ते स्टुलावर बसून मला मराठीत सांगितलं होतं आणि मी ऐकूनही घेतलं नव्हतं.

बँकेचा मंजुरीचा कागद त्या मुलीनं पाठवला. ओळखीच्या वकीलबाईंनी तो मला उलगडून सांगितला. त्यात एक अख्खं पान धुराचं होतं. नवी चिमणी दर वर्षी किती कार्बन ओकेल, किती दशकं ओकेल, सगळं दशांशापर्यंत लिहिलेलं. लपवलेलं काहीच नव्हतं. खाली म्हटलं होतं, की बँकेनं दुसरीकडं पवनचक्क्यांनाही कर्ज दिलं आहे, तेव्हा एकंदरीत बाजू जमेची आहे. आणि बाधित लोकांच्या सर्व मागण्या पूर्ण झाल्या आहेत. ते शेवटचं वाक्य माझ्यामुळं तिथं आलं. परंड्याला जाताना एसटीतून पवनचक्क्या दिसतात. कुणाच्या पैशातून उभ्या आहेत ते मला माहीत नाही, पण पूर्वी त्या बघायला बरं वाटायचं. आता मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीला बसतो.

अर्जाची प्रत आपानं जपून ठेवली होती. कर्जाची बातमी गावात पोचल्यावर बायका ओसरीवर जमल्या आणि शेजारणीच्या सुनेनं ती प्रत सगळ्यांना वाचून दाखवली. त्याच दुपारी आपाचा फोन आला. ती मराठीत बोलत होती.

"ते वाक्य कुठल्या पानावर हाय?"

मी म्हणालो, कुठल्याच नाही.

"तू दोनदा वाचलं होतंस."

मी अब्बांची शिकवण सांगायला लागलो. देता येईल तेवढंच मागावं, वगैरे. तिनं मला बोलू दिलं. मधे खोकली. मग म्हणाली, "अब्बा वाचायचे ते कागदावरचं वाचायचे."

त्यानंतर ती धाराशिवला आलेली नाही. बायका आता तिच्या ओसरीवर येत नाहीत, हे दूल्हाभाईंकडून कळलं. चिमणीचा फोटोही त्यांनीच पाठवला. पहिलीपेक्षा उंच आहे. इकडं आमच्या शेडचा पत्रा मार्चपासूनच तापतो, अकरानंतर टेबलाला हात लावता येत नाही. धूर काही विदर्भात थांबत नाही, वकीलबाई म्हणतात, तो सगळ्यांचाच होतो. त्यातला माझा वाटा किती, हे कुठल्या पानावर लिहिलेलं नसणार.

मागच्या महिन्यात मी नवा अर्ज टाइप केला. त्यात ते एकच वाक्य आहे. खिडकीनं हे प्रकरण बंद केलंय, त्यामुळं तो घेतील असं मला वाटत नाही. तरी सहीसाठी आपाला रजिस्टरनं पाठवला. आठ दिवस वाट बघून फोन केला आणि विचारलं, सही केलीस का. ती खोकत राहिली. मी म्हणालो, हवं तर फोनवर वाचून दाखवतो, एकच ओळ आहे.

"राहू दे," आपा मराठीतच म्हणाली. "मला वाचता येत न्हाय." आणि तिनं फोन ठेवला.