भाव न विचारणारे इवाई

साऱ्या वऱ्हाडात, घ्यायची नसलेल्या वस्तूचा भाव कधीही न विचारणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या, म्हणजे आयुष्यभर भाव पाडून पोट भरणाऱ्या वरूडच्या संत्रा व्यापाऱ्याच्या, नशिबी इवाई म्हणून आला. इवाई म्हणजे व्याही; माझी लेक अकोल्यात त्यांच्या घरी दिली आहे. ते निवृत्त प्राध्यापक. तरुणपणी हौसेनं रशियन शिकले आणि आता त्या जाडजूड पुस्तकांत फक्त ज्यू माणसं शोधत बसतात : शिंपी, गाडीवान, म्हातारे धर्मगुरू. एखाद्या थोर लेखकानं ज्यू माणसाला सरसकट लोभी रंगवलं की समासात पेन्सिलीनं भांडतात, "तुमी त्याच्या घरी कधी जेवले का?" कुणा ज्यू लेखकानं रशियनमध्ये लिहिलेलं हाती लागलं की त्या दिवशी सुनेकडे दोनदा चहा मागतात. व्यापारी दिसला की लुच्चा, हे मीही जन्मभर ऐकलेलं. त्यामुळे एवढ्यापुरते ते मला आवडत. पंचाईत ही, की ते वाचलेलं पाळतात. घ्यायचं नसताना भाव विचारला तर दुकानदाराला खोटी आशा लागते, आणि शब्दानं दुखवणं हे पैशानं फसवण्याहून वाईट, अशी ज्यू लोकांची जुनी शिकवण आहे म्हणे. म्हणून विहीणबाई साड्या उलगडू लागल्या की हे आधीच सांगून टाकतात, "भाऊ, आज आमी फक्त पाहून राहिलो."

गेल्या आंबिया बहारात, म्हणजे संत्र्याच्या हंगामात, मी शेंदूरजनाघाटला एका बगीच्याचं झाडावरचं सगळं फळ ठरवत होतो. हौस म्हणून तेही सोबत आले. सौद्याआधी फळाला नावं ठेवायची, ही आमची रीतच. "फळ बारीक हाये, साल जाड हाये," मी सुरू केलं. मालक नरमला, आणि तेवढ्यात हे बोलले, "इवाई, चांगल्या फळाले काहून नावं ठेवता? लेकरासारखं वाढवलं त्यानं." मालकाचा कणा ताठ झाला आणि बगीचा दुसऱ्यानं नेला. मी वीस माणसांत ओरडलो, "मास्तर, तुमी पुस्तकं चाटा! पेन्शनीवर जगणाऱ्यानं मले धंदा शिकवू नये." ते रस्त्याकडे चालू लागले. मी अकोल्याला जाणं सोडलं. नातवाच्या वाढदिवसालाही गेलो नाही.

आपल्या बोलण्यानं माझा सौदा मोडला, म्हणून पुस्तकातला आणखी एक नियम त्यांनी काढला. ज्याला दुखवलं त्याला जाऊन भेटायचं आणि तीन माणसांसमोर माफी मागायची. नाही म्हणाला तर पुन्हा, अशी तीनदा. तिसऱ्यांदाही नाही म्हणाला तर मागणारा सुटला. पहिल्या खेपेला ते चहावाला, न्हावी आणि एक ट्रॅक्टरवाला घेऊन माझ्या दारात आले. ट्रॅक्टरवाला भांडण समजून बाह्या सारूनच आला होता. मी म्हटलं, नाही. दुसऱ्या खेपेला चहावाला कळवळला, "शेठ, करून टाका ना माफ, दुकान उघडं टाकून आलो." तरी नाही. मग लेकीचा फोन आला, "बाबा, आता एकच खेप राहिली. मंग ते येनार नाहीत, अन् तुमी तर येतच नाही."

ठरलेल्या दिवशी मी वरूडच्या स्टँडवर उभा. पहिल्या बसमध्ये ते नव्हते. दुसरीतही नाही. अकोल्याची आणखी बस आहे का, ते मी खिडकीवर विचारून आलो. तिसरीतून उतरले तसा मी लांबूनच ओरडलो, "केलं माफ!"

"थांबा," ते म्हणाले, "आधी तिघं जमू द्या."

कंडक्टर, पेरूवाली आणि एक पोलीस जमवून त्यांनी माफी रीतसर मागितली. मी हो म्हटलं आणि भरलेला ट्रक सुखरूप घाट उतरल्याची बातमी यावी तसं मला वाटलं. "माह्याही तोंडून वाईट गेलं," मी पुटपुटलो, "तुमीही करा माफ."

"असं स्टँडवर? अकोल्याले या."

गेलो. माफी मागितली, बगीचा गेल्याचं अजून खुपतं, हेही सांगितलं. "आज नाही," ते हसून म्हणाले आणि चहा पुढे केला. दुसऱ्यांदाही तेच. तिसरी खेप मी राखून ठेवली, माफी मागितलीच नाही. आता महिन्यातून एकदा जातो, तो विषय कुणीच काढत नाही. त्यांची नजर अधू झाली आहे. भिंग धरून एखादं रशियन पान ते मोठ्यानं वाचतात. मला अक्षरही कळत नाही, पण मी शेवटची बस येईपर्यंत ऐकत बसतो.