एसी बंद, शरद सुरू

कुवेतमध्ये शरद ऋतू येतो तो हवामानामुळे नव्हे, मंगफ भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांच्या परवानगीने. सहा महिने भाजून निघाल्यावर ज्या दिवशी ते घरातला एसी बंद करतील, तो शरदाचा पहिला दिवस. त्या संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगला बोलावणं. काकूंची साबुदाण्याची खिचडी, आणि त्याआधी शरद ऋतूवरच रचलेलं, तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं बरोक संगीत. काका मूळचे चिपळूणचे, इथे इस्पितळात कान तपासणारे टेक्निशियन. लोकांना हेडफोन लावून "आवाज आला की बटण दाबा" असं सांगण्यात हयात गेली, त्यामुळे ऐकताना केलेली टंगळमंगळ त्यांना खपत नाही. व्हायोलिनं उसळली की "ही सुगी! खळ्यावर नाचतायत बघा," म्हणत स्वतःच नाचणार. मग सगळं संथ होतं, मागे फक्त हार्पसिकॉर्ड नावाच्या जुन्या वाद्याच्या तारा हळूच टिपटिपतात. "मेले दारू ढोसून लवंडले. हलाल तर खबरदार!" शेवटी शिकारीची शिंगं, आणि "आले कुत्रे! पळालं हरीण!" एका वर्षी उत्साहाच्या भरात त्यांनी सप्टेंबरातच शरद जाहीर केला. आम्ही घामाने निथळत सुगी ऐकली. ड्यूटीवरून आलेली एक नर्स तर दारुड्यांच्या झोपेत खरोखरच घोरायला लागली. "उठवू नका," काका गहिवरून म्हणाले, "अशी अस्सल दाद आजवर मिळाली नव्हती."

"दाद कसली, घेरी आलीय तिला! एसी लावा आधी," काकू कडाडल्या.

यंदा मात्र नोव्हेंबर निम्मा सरला, बाहेर झकास गारवा पडला, तरी वरचा एसी घरघरतच होता. न राहवून मी वर गेले. काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "स्वतःचे कान तपासून आलेत. बारीक आवाज ऐकू येईनासे झालेत. एसी चालू असला की म्हणे त्याच्यावर ढकलता येतं." आयुष्यभर दुसऱ्यांचे कान तपासणाऱ्या माणसाला आता शांततेत स्वतःला काय ऐकू येत नाही हे कळायची भीती वाटत होती. मी सरळ बाहेर येऊन एसी बंद केला आणि संगीत लावलं. सुगी त्यांना ऐकू आली, थोडं नाचलेसुद्धा. मग दारुडे झोपले आणि काका कावरेबावरे झाले.

"तारा सुरू झाल्या का गं?"

मी त्यांचा हात हातात घेतला आणि तार वाजेल तसतसं त्यांचं बोट दाबू लागले. काकांनी डोळे मिटले. तारा संपल्यावर हसून म्हणाले, "एकही आवाज चुकवला नाहीस. तुझे कान उत्तम आहेत हो."