काकूंचा तिसरा गिअर

त्या गाडीचा तिसरा गिअर भारी नखरेल होता. वर हात ठेवला की गुणी बाळासारखा बसायचा, हात काढला की दोन-चार खड्ड्यांत टुणकन बाहेर. मग इंजिन बोंब मारायचं, गाडी दचकायची आणि मागे उभ्या केलेल्या काचा एकमेकींवर दात वाजवायच्या. म्हणून तो काकूंनी धरायचा असं ठरलं. कधी ठरलं, कुणी ठरवलं, हे दोघांपैकी कुणालाही सांगता आलं नसतं. संसारातल्या बहुतेक गोष्टी अशाच ठरतात.

काका काचवाले. खिडक्यांची तावदानं, दुकानांच्या दर्शनी काचा, न्हाणीघरातले आरसे, सगळं बसवून द्यायचे. खाली दुकान, वर घर. काका काच कापायचे, काकू मापं घ्यायच्या, आणि माल पोचवायचा तो लांबडीतून. लांबडी म्हणजे त्यांची म्हातारी स्टेशन वॅगन. मागचा दरवाजा वर उचलला की आत एक माणूस पाय पसरून झोपेल एवढी जागा. तिथे काकांनी लाकडी घोडी ठोकली होती, तिला जुनं घोंगडं गुंडाळलं होतं, आणि त्यावर काचा तिरप्या टेकवून ठेवायच्या. काच नेताना काका तिसऱ्याच्या वर कधी जात नसत, आणि तिसरा तर काकूंच्या हातात.

काका क्लच दाबून दांडा पुढे ढकलत आणि म्हणत, "हं." काकूंचा तळहात दांड्याच्या मुठीवर येऊन बसे. पुढे वळण आलं की पुन्हा "हं", की काकू हात उचलत. एकदा नणंदेच्या एका खोचक बोलण्यावरून घरात कडक अबोला धरला गेला. तेव्हाही गाडीत "हं" चुकला नाही. अबोला घरचा, गिअर धंद्याचा.

तक्रार मात्र काकू रोज करत. "या दांड्यापायी माझा खांदा गेला हो. लोकांच्या बायका गाडीत बसून बाहेरची मजा बघतात, मी मेली गिअर राखत बसते!" शेजारीण भेटली की त्यात आणखी तिखटमीठ. शेजारीण हळहळली की काकूंना बरं वाटे. आता, तक्रार करणं वेगळं आणि ती दूर व्हावी असं वाटणं वेगळं. पण एवढी साधी गोष्ट नवऱ्याच्या जातीला कळली असती तर जगातली निम्मी भांडणं मिटली नसती का?

लेकीचं बाळंतपण आलं. काकू तिच्याकडे गेल्या आणि चांगल्या दोन महिने राहिल्या. नातू गोरागोमटा, आवाज मात्र थेट लांबडीसारखा. त्याला मांडीवर घेऊन बसलं की काकूंचा उजवा हात आपोआप त्याच्या टाळूवर जाई आणि तिथेच घट्ट बसून राही. लेक हसून म्हणायची, "आई, तो निसटत नाहीये कुठे."

परत आल्या तेव्हा बसथांब्यावर काका उभे होते, आणि त्यांच्या मागे एक हिरवीगार चकचकीत गाडी.

"कुणाची आणलीत?"

"नीट बघ."

काकूंनी बघितलं. लांबी ओळखीची होती, बाकी काही नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या काचा बदलणाऱ्या काकांच्या स्वतःच्या गाडीची समोरची काच कोपऱ्यापासून तडकलेली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ती आता नवी होती. काकूंच्या पायाखाली पत्रा गंजून भोक पडलं होतं, त्यावर त्यांनी डब्याचं झाकण ठेवलं होतं. झाकण उचललं की खालचा रस्ता पळताना दिसे. तिथे नवा पत्रा आणि वर मऊ गालिचा. दाराला नवी रबरं. आणि काकूंची जागा! बसून बसून त्यांच्या मापाने खोलगट झालेली ती सीट गेली होती. तिथे पाठीला टेकू, मानेला उशी, कोपराला गादी असं एक सिंहासन होतं, आणि शेजारी पेला ठेवायला खळगासुद्धा.

"बस, राणीसारखी बस," काका म्हणाले.

राणी बसली. गाडी निघाली आणि काकांची कथा सुरू झाली. काकूंच्या धाकट्या भावाचं गॅरेज होतं. लहानपणी त्याने एकदा नटबोल्ट गिळला होता, तेव्हापासून सगळे त्याला बोल्ट्याच म्हणत. तर बोल्ट्याला भंगारात ठोकर खाल्लेली एक मालवाहू व्हॅन सापडली. तिचा गिअरबॉक्स पाच गिअरचा आणि ठणठणीत. लांबडीचा चार गिअरचा म्हातारा डबा उतरवून मेव्हण्या-मेव्हण्यांनी तो चढवायला घेतला. पण नवा डबा चांगला वीतभर लांब! मग त्याला खालून पेलणारी पट्टी मागे सरकवली, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून आखूड केला, पुन्हा जोडून तोलून घेतला. स्पीड दाखवणारा काटा मात्र नव्या डब्याशी जुळेना, तो आता नेहमीच थोडं कमी सांगतो. "बायका वय सांगतात तसा," काका म्हणाले आणि स्वतःच हसले.

बोलता बोलता त्यांनी तिसरा टाकला. काकूंचा हात सवयीने उठला, पुढे गेला आणि हवेत मिटला. दांडा तिथे नव्हताच. डबा लांब म्हणून दांडाही वीतभर मागे, काकांच्या मांडीलगत उगवला होता. काकूंचा हात जाऊन पडला पेल्याच्या खळग्यात.

"राहू दे, राहू दे!" काका आनंदाने ओरडले. "आता सुट्टी! हा डबा मेला तरी निसटायचा नाही. तू आपली बाहेर बघ."

काकूंनी बाहेर बघितलं. बाहेर काहीच नव्हतं.

"कशी झालीय?" घरी पोचल्यावर काकांनी विचारलं.

"छान झालीय," काकू म्हणाल्या, आणि पिशव्या घेऊन जिना चढल्या. बायको नुसतं "छान झालीय" म्हणते तेव्हा शहाण्याने घाबरावं. काका शीळ घालत गाडी पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी काकूंचा गुडघा दुखत होता. तिसऱ्या दिवशी धुणं होतं. चौथ्या दिवशी लेकीचा फोन येणार होता. काका एकटेच माल घेऊन जाऊ लागले. गिऱ्हाइकं विचारत, "आज वहिनी नाहीत?" आणि काका सांगत, "सुट्टीवर आहेत." पहिले काही दिवस त्यांनी हे हसत सांगितलं.

खरं सांगायचं तर काकूंना वाईट वाटलं होतं. फार वाईट. लेक तिच्या घरी सुखात. दुकानात मापं घ्यायला आता बटण दाबलं की आकडा सांगणारं यंत्र आलेलं. एक तिसरा तेवढा त्यांच्या हाताशिवाय अडत होता, तोही गेला. नुसतं शेजारी बसायला त्या काय पाहुण्या होत्या? आणि हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण वीसेक वर्षं खांद्याच्या नावाने गळा त्यांनीच काढला होता. हात दाखवून अवलक्षण, तेही त्याच हाताचं.

सगळा राग निघाला बोल्ट्यावर. तो कौतुक ऐकायला आला होता.

"कुणी सांगितलं होतं तुला नसता उद्योग करायला?"

"ताई, तूच तर इतकी वर्षं ओरडत होतीस!"

"ओरडत होते. सांगत नव्हते."

बोल्ट्या बिचारा चहा अर्धा टाकून गेला.

मग एका संध्याकाळी काका पडलेल्या चेहऱ्याने वर आले. टोपी काढली, खुर्चीत बसले, मोठा सुस्कारा सोडला.

"तिसरा निसटतोय," ते म्हणाले.

काकूंना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तोंडावर मात्र त्यांनी चिंता आणली. "अगंबाई! नवा डबा ना हो?"

"नवा कसला, भंगारातलाच तो. उद्या चपलांच्या दुकानाची मोठी काच न्यायचीय. एकट्याने कसं जमायचं, कळत नाही."

"मग बोल्ट्याला दाखवा की."

"तो... तो परगावी गेलाय."

बोल्ट्याला काकूंनी सकाळीच कोपऱ्यावर दाढी करून घेताना पाहिलं होतं. पण "येते उद्या," त्या म्हणाल्या. "गुडघा जरा बराय."

सकाळी गाडीत बसल्या बसल्या त्यांना दांडा दिसला. तो आता सरळ नव्हता. मधोमध चांगला वाकून पुढे आला होता, काकूंच्या सीटकडे मान कलवून, अगदी हाताशी. वाकलेल्या जागी लोखंडावर निळसर डाग होता, तापवलेल्या लोखंडावर पडतो तसा. गिअर निसटतो म्हणून कुणी दांडा तापवून वाकवत नाही, एवढं काकूंना कळत होतं. काकांच्या अंगठ्याला पट्टी होती, तीही त्यांनी बघितली.

"हं," काका म्हणाले.

काकूंनी हात ठेवला. जुना डबा निसटायच्या आधी तळहाताला मुंग्या येत, आतून काहीतरी ढुशा देई. हा डबा गार आणि निवांत. काकूंनी पदर सावरायला हात काढला, आणि लगेच टुप! तिसरा बाहेर.

"बघितलंस?" काका म्हणाले.

काकूंनी बघितलं होतं. आधी गाडी किंचित मंदावली, मग काकांना गुडघ्यावर खाज सुटली, मग खाजवून वर येताना त्यांची करंगळी दांड्याला लागली. काचेच्या वखारीपर्यंत तिसरा तीनदा निसटला आणि तिन्ही वेळा काकांचा गुडघा खाजला. नाटकात काम करायची काकांना कधी कुणी संधी दिली नव्हती, ते बरंच झालं होतं.

वखारीत माणसांनी ती भलीथोरली काच घोडीवर चढवली, दोऱ्या बांधल्या. परतीचा रस्ता कारखान्याच्या भिंतीलगतचा, लांबच लांब आणि सरळ.

"हं," काका म्हणाले.

काकूंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बोटांत बोटं गुंतवली.

"अगं, हं!"

"ऐकलं."

"धर ना मग. निसटेल."

"बसलाय की छान. निसटला की धरते."

आता काकांची झाली पंचाईत. करंगळी लावावी तर गाडी दचकणार आणि मागची काच जाणार. न लावावी तर सोंग उघडं पडणार. इकडे आड, तिकडे विहीर. त्यांनी एकदा दांड्याकडे बघितलं, एकदा आरशातून मागे. गुडघा खाजवायला हात खाली गेला आणि तसाच परत आला. रस्त्यात एक खड्डा आला, दुसरा आला. तिसरा मेला ढिम्म हलेना. काकांच्या कपाळावर घाम जमला.

"भला कामाचा डबा आहे हो," काकू म्हणाल्या. "बोल्ट्या घरी आला की त्याला शाबासकी द्यायला हवी. परगावाहून."

भिंत संपत आली. मग रस्त्याकडेच बघत, घसा खाकरून काका म्हणाले, "तू नसलीस की गाडीत करमत नाही. 'हं' म्हणतो आणि मग आठवतं. परवा तर त्या आरसेवाल्या गिऱ्हाइकासमोरच म्हणालो."

काकूंना एकदम भरून आलं. दोन महिने आणि वर तीन आठवडे त्या हेच ऐकायला थांबल्या होत्या, आणि हे त्यांना आत्ता कळलं.

"मग तसं बोलायचं," त्या म्हणाल्या. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? आणि तो दांडा वाकवताना हात भाजून घेतलात, त्याला निदान मलम तरी लावलंत का?"

"लावलं."

"खोटं."

"नाही लावलं."

"रस्त्याकडे बघा. मागे काच आहे," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी दांड्याच्या मुठीवर तळहात ठेवला. वाक अगदी मापाचा होता. खांद्याला जराही ताण पडत नव्हता.

महिन्याभराने बोल्ट्या तणतणत दुकानात आला. हातात पाना. "ताई, तू सगळीकडे सांगत फिरतेस की मी बसवलेला डबा निसटतो! माझी गिऱ्हाइकं तोंडावर हसतायत. खोला गाडी, आत्ताच्या आत्ता डबा उतरवून बघतो."

"नको!" काका आणि काकू एकदम ओरडले.

बोल्ट्याने दोघांकडे बघितलं. मग तो गाडीत वाकला, दांड्याचा वाक बघितला, निळा डाग बघितला, आणि पाना खिशात टाकला. "अहो, पण मी लोकांना सांगू तरी काय?"

"सांग की डबा उत्तम आहे," काकू पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसत म्हणाल्या. "फक्त तिसरा धरावा लागतो."