हातापेक्षा लांब पन्हळ

मंगळवार होता. निजामपुऱ्यातल्या दुकानात मी बेअरिंग घेत होतो, तेवढ्यात डभोईहून फोन आला. शेतकऱ्यांना मशीन दाखवायला गेलेला दादा तिथेच वारला होता.

माणूस गेला की भेटायला येणारा प्रत्येकजण एक किस्सा घरी ठेवून जातो. माझ्याकडचे आधीचे होतेच.

दोन म्हशींवाल्यालाही परवडेल असं कडबाकुट्टी मशीन आम्ही दोघे भाऊ बनवायचो. दादाचा हट्ट एकच. चारा आत सरकवायची पत्र्याची पन्हळ हातापेक्षा लांब हवी, म्हणजे बोटं पात्यापर्यंत पोचणार नाहीत.

*

पहिल्या गिऱ्हाइकाने नारळ फोडला, मशीनला झेंडूचा हार घातला आणि दादा "थांबा, थांबा!" म्हणेपर्यंत बटण दाबलं. हाराची झकास कुट्टी! म्हशीने तीही खाल्ली.

"साहेब, एकदम फर्स्ट क्लास!"

*

पुढे त्याच्याकडे गेलो, तर पन्हळ अर्धी कापलेली.

"गोठ्यात मावत नव्हती ने, साहेब!"

कापलेला पत्रा बकऱ्यांपासून आडोसा म्हणून तुळशीला लावला होता. दादा म्हणाला, "चला, तुळस तरी वाचली!"

*

मग दादाने पन्हळ दुमडती केली. दुमडली की मोटर बंद! त्या स्विचपायी त्याने किती रविवार घालवले. मशीन पोचलं आणि गिऱ्हाइकाचा फोन आला, "चिंता नको साहेब, स्विच सुतळीने दाबून बांधलाय. मस्त चालतंय!"

दादाने फोन ठेवला. "बी.ई. मेकॅनिकल," तो म्हणाला, "आणि सुतळीपुढे ढेर!"

*

सयाजीगंजातल्या एका ऑफिसात मशीनची माहिती द्यायला गेलो, तर साहेबांनी विचारलं, "तुमच्या मशीनवर अपघात किती?"

"एकही नाही."

"मग एवढी पन्हळ कशाला? काढून टाका, भाव उतरेल!"



*

शेवटचा किस्सा डभोईकडच्या रमिलाबेन सांगून गेल्या. त्याच मंगळवारी सकाळचा.

दादा सगळ्यांना सांगत होता, "हात घालून बघा. पोचतच नाही!"

रमिलाबेननी उजवा हात घातला. घरच्या जुन्या, बिनपन्हळीच्या मशीनने त्याची चारही बोटं नेलेली.

"माझा तर आता कुठेच पोचत नाही, भाई!"

सगळे हसले. त्याही हसल्या. दादा हसला नाही. त्याने त्यांना डाव्या हाताने पेंढी उचलायला लावली, पुन्हा उचलायला लावली, बाजूला उभा राहून बघत राहिला. मग म्हणाला, "बेन, डाव्या हाताने चालेल असं मशीन मी तुम्हाला करून देतो."

ते मशीन अजून झालेलं नाही.