जंतूवाल्या बाई

आमच्या दवाखान्यातल्या जंतूंवर संशोधन करणाऱ्या बाई दर सोमवारी मांडीवर नमुने ठेवायचा बर्फाचा डबा घेऊन एसटीने येतात. समोरच्याच्या तोंडाआधी त्या त्याचे हात बघतात. "दावा बरं, भाऊ," म्हणत माझ्या बोटांवरून कापसाची काडी फिरवतात आणि मग घरची चौकशी करतात. मी ड्रेसर आहे, रुग्णांच्या जखमांना पट्ट्या बांधतो. दोन रुग्णांच्या मध्ये हात धुवायचे मी घाईत टाळत असे.

एकदा माझ्या हातावरचा जंतू एका म्हातारीच्या पायाच्या चिघळलेल्या जखमेतही सापडला. कुठल्याच नेहमीच्या अँटिबायोटिकला तो दाद देत नव्हता.

"माझ्यामुळं झालं का, बाई?" त्यांनी नाही म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

"असू शकते, भाऊ. खोटं काऊन सांगू तुमाले?"

यापुढे तिची पट्टी दुसऱ्या कुणी करावी, असं मी म्हणालो. बाईंनी साबण माझ्या हातात ठेवला.

"दुसरा कोन करन? तिले तुमचाच हात हलका वाटते. धुवा. अंगठा नका विसरू."

माझ्या शेजारी उभं राहून त्यांनीही हात धुतले. मग मी पट्टी सोडू लागलो, तेव्हा म्हातारीचा पाय त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला.