नानासाहेबांचं येणारं पुस्तक आणि माझा दामू

माझा भाऊ दामू गेल्याची बातमी घेऊन माणूस आमच्या ओसरीच्या दारात आला, आणि त्याला थांबवून ठेवलं गेलं. गुरुवार होता. दर गुरुवारी संध्याकाळी नंदुरबारातली लेखक मंडळी आमच्या ओसरीवर जमायची, आणि प्रत्येकजण आपल्या पुढच्या पुस्तकात काय येणार ते सांगायचा. त्या दिवशी दामू सकाळच्या गाडीने खांडबाऱ्याला गेला होता, तरी मंडळी आली होतीच. हेडमास्तरांच्या ऐतिहासिक कादंबरीतलं लग्न सुरू होतं. दारातल्या माणसाने हात जोडले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर हेडमास्तर म्हणाले, "थांब रे जरा, प्रकरण संपू दे." तो बिचारा पागोटं हातात घेऊन उभा राहिला. मी आतून पाहिलं, मला वाटलं लाकडाची मोळी विकायला आला असेल. लग्न लागलं, वरात निघाली, वरातीत हत्ती आला, मंडळींनी वा वा केलं… आणि मग नानासाहेब वकिलांनी त्याला विचारलं, "हं, बोल." तो त्यांच्याशी बोललाच नाही. थेट आत माझ्याकडे बघून म्हणाला, "आक्का, मास्तर गयात."

वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी मला दामूवर चार हळव्या ओळी मागितल्या आहेत. हळवं मला येत नाही. दामूचं नाव काढलं की आधी डोळ्यांत पाणी येतं, आणि त्याच्या मागोमाग अशी किळस येते की बस्स! ती किळस बाजूला ठेवून लिहायचं म्हटलं तर ते खोटं होईल.

दामू माझ्याहून धाकटा. मी लवकर विधवा होऊन माहेरी आले, त्याची बायको पहिल्या बाळंतपणातच गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर म्हणून त्याला सातपुड्यात धाडलं. बाकीचे मास्तर तिकडची बदली झाली की रडायचे, साहेबाच्या पाया पडायचे. हा रमला. तिकडची पावरी बोली बोलायला शिकला. डोंगरातल्या काठी गावची होळी तर त्याने कधी चुकवली नाही. होळीआधी नाचणारे लोक पाळणी पाळतात, बाजेवर झोपत नाहीत, तर हाही त्या दिवसांत आमच्या घरी जमिनीवर झोपायचा. मी विचारलं, "तू काय नाचणार आहेस का?" तर म्हणे, "नाचत नही, पन देखाले तर जास ना!" मला लिहायला-वाचायलाही त्यानेच शिकवलं, धुणं वाळत घालून झालं की. आज हे लिहिते आहे ते त्याच्यामुळे.

पेन्शनीत निघून नंदुरबारला आला आणि या बैठकीच्या नादी लागला, पुढे ती आमच्याच ओसरीवर भरू लागली. बैठकीचा एक नियम होता. पूर्वी दोघांनी एकाच विषयावर नाटकं लिहिली आणि भर बाजारात एकमेकांच्या टोप्या उडवल्या, तेव्हापासून ठरलं, की ज्याने बैठकीत पुस्तकाचा शब्द टाकला, तो विषय त्याचा. त्याचं पुस्तक बाहेर येईपर्यंत दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. नियम ऐकायला बरा आहे. पण जत्रेत तमाशाला जागा धरायला उपरणं टाकून ठेवावं, तसे हे लोक विषयांवर उपरणी टाकून ठेवायचे आणि घरी जाऊन झोपायचे. दामू पहिल्यांदा बैठकीला गेला, त्याच्या कितीतरी आधी नानासाहेब बोलून चुकले होते, "सातपुड्यावर माझं पुस्तक येतंय." झालं! अख्खा सातपुडा नानासाहेबांचा.

हे नानासाहेब कधी तापी ओलांडून गेले नाहीत. तापीचं नाव काढलं की त्यांची कंबर धरायची. पुस्तक का येत नाही, तर आधी कोर्टाची कामं होती, मग डोळे आले, मग लढाईमुळे कागद मिळेना. आणि दर गुरुवारी चहा पिऊन झाला की, "मास्तर, सांगा हो तिकडची एखादी गंमत." दामू दाराशी घोंगडी टाकून बसायचा, सतरंजी पाहुण्यांना. तिथून तो सांगायचा, जीव ओतून सांगायचा. पुढच्या गुरुवारी तेच नानासाहेबांच्या येणाऱ्या पुस्तकातलं प्रकरण म्हणून त्याच ओसरीवर, त्याच्याच तोंडासमोर! आणि आमचा भोळा सांब खूश. "आक्का, मन्हं सांगेल त्यास्ना पुस्तकमा यी!" मला तेव्हाच चहाची किटली नानासाहेबांच्या डोक्यावर रिकामी करावीशी वाटायची.

मग ते रुमलीचं झालं. रुमली म्हणजे डोंगरातली एक बाई, दामूला भाऊ मानायची. एका सालात खाली कापूस वेचायला आली असताना शेतातल्या झोपडीत बाळंत झाली. पोराचं नाव तिने ठेवलंच नाही. डोंगरावर, आपल्या माणसांत, आपल्या देवापुढे नेल्यावर ठेवीन म्हणाली, आणि होळीला परत जाईपर्यंत ते पोर बिननावाचं छातीशी धरून राहिली. दामूने हे सांगितलं तेव्हा स्वयंपाकघरात माझा हात पिठातच थांबला. पुढच्या गुरुवारी नानासाहेबांनी तेच सांगितलं, विनोदी करून. म्हणे, या लोकांना पोरं इतकी होतात की नावं ठेवायची राहून जातात! ओसरी खदखदून हसली. शी! मी आतून दामूकडे पाहिलं. त्याने कप खाली ठेवला होता आणि तो आपला घोंगडीची दशी ओढत बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळण्याच्या भाकरी थापत होते. त्याने तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"आक्का, त्या लोके हासनात."

"मंग तू लिखी टाक ना! समदं तुन्हा डोकामा शे."

"कसा लिखू? नानासाहेबनी आधी सांगेल शे. शब्द शे."

"तो काय लिखी ऱ्हायना का? तो नुसता बोली ऱ्हायना!"

मला नानासाहेबांचा राग येतो तितकाच याचाही येतो, मेल्यावरसुद्धा येतो. ज्यांना शब्दाची चाड नाही, त्यांच्या बैठकीतला शब्द याने देवाच्या शपथेसारखा पाळला. अरे, कुणासाठी?

तरी शेवटी धीर करून त्याने भर बैठकीत विचारलंच, "नानासाहेब, हा विषय मला सोडाल का?" नानासाहेब हसले. "मास्तर, माझं येऊ द्या, मग तुमचं काढा. प्रस्तावना मीच लिहीन!" मंडळींनी टाळ्या वाजवल्या. लगेचच्याच गुरुवारी दामू खांडबाऱ्याला गेला. रुमलीचा नवरा गोमा तिकडे लाकूडकामाला होता, त्यांचं बिऱ्हाडही तिथेच. "तुझ्या गोष्टीला मी लोकांना हसू दिलं," एवढं त्याला रुमलीपाशी बोलायचं होतं. बोलला, तिच्या हातचं पाणी प्याला, आणि तिथेच बसल्या जागी कलंडला. दारात ज्याला थांबवून ठेवलं, तो गोमा. हत्ती येईपर्यंत तो माझ्या भावाचं मरण तोंडात धरून उभा होता.

शोकसभा झाली. नानासाहेबांनी उपरण्याने डोळे पुसले आणि जाहीर केलं, की सातपुड्यावरचं आपलं येणारं पुस्तक कैलासवासी मास्तरांना अर्पण करणार. लोक हळहळले.

त्याच्या पुढच्या गुरुवारी मंडळी पुन्हा हजर! जणू दामू गेला तरी चहा चालूच राहणार होता. नानासाहेब आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले, आवाज अगदी मऊ करून म्हणाले, "आक्का, मास्तर घरात तुम्हांला तिकडचं बरंच सांगत असतील. आठवेल तसं सांगाल का? पुस्तकासाठी हवं होतं."

मी हात धुतले, पदराला पुसले.

"माले समदं याद शे, नानासाहेब. पन ते तुम्हनासाठे नही."

मग ओसरीवरची सतरंजी गोळा केली. हेडमास्तर तिच्यावर बसलेले होते, त्यांनाही उठावं लागलं. दार लावून घेतलं, ते अजून गुरुवारी लावलेलंच असतं. काहीजण येतात, कडी वाजवतात, जातात.

दामूची घोंगडी मात्र मी उचलली नाही. ती दाराशी, त्याच्या जागीच आहे, दशी ओढून ओढून एका कडेला उसवलेली. सकाळी भाकरी झाल्या की मी तिच्यावर बसते आणि लिहिते. बैठकीचा शब्द मी कुणाला दिलेला नाही. काय लिहिते ते संपादकांनी विचारलं, त्यांनाही सांगितलं नाही, तुम्हांलाही सांगणार नाही. पूर्ण झालं की खांडबाऱ्याची गाडी धरीन. आधी रुमलीला वाचून दाखवायचं आहे.